पियानोच्या तारांचे वेढे आणि सुराची स्थिरता

पियानोची तार ट्यूनिंग पिनेवर ज्या फेऱ्यांनी गुंडाळलेली असते, त्यांना वेढे म्हणतात. नव्या तारा चढवल्यावर वाद्य किती लवकर सुरात टिकू लागेल, हे बरेचसे या वेढ्यांवर अवलंबून असते. 88 पट्ट्यांच्या पियानोत साधारण 230 तारा असतात. त्यांचा एकत्रित ताण 15 ते 20 टनांच्या घरात जातो आणि तो पेलायला बिडाची चौकट लागते. इतक्या ओढीखाली वेढ्यांत राहिलेली केसभर ढिलाईही तशीच राहत नाही. वेढे आवळत जातात, तार तेवढी सुटते आणि सूर उतरतो.

एका पिनेवर सहसा तीन वेढे देतात. पिनेचा व्यास सुमारे 7 मिमी, म्हणजे एका फेऱ्याला 22 मिमी तार लागते. म्हणून कारागीर पिनेच्या पुढे सातेक सेंटिमीटर तार राखून मग कापतो. तारेचे टोक पिनेच्या छिद्रात जाते आणि तिथून बाहेर पडताना तिला काटकोनी मोड येते. ही मोड म्हणजे बेकेट. सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होते. बेकेट पिनेला चिकटून नसेल, तर ती पुढे कित्येक दिवस हळूहळू सरळ होत राहते. त्यामुळे तारेवर थोडा ताण येताच ती पक्कडीने दाबून बसवतात, आणि आकड्यासारख्या हत्याराने वेढे वर उचलून एकमेकांना खेटून लावतात. त्यांच्यात फट नको आणि एक वेढा दुसऱ्यावर चढायलाही नको. हे काम वाद्य सुरात लावण्याआधी उरकावे. नंतर वेढे हलवले की लावलेला सूर वाया जातो.

नवी तार 'ताणते' म्हणून सूर उतरतो, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. पोलाद थोडे वाढते हे खरे, पण वेढे, बेकेट, हिच पिनेभोवतीचा (तार दुसऱ्या बाजूला धरणारी चौकटीवरची पिन) वळसा आणि घोडीवरच्या (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) पिनांपाशी आलेली बाके सरळ होण्यानेही बराच सूर जातो. ही बाके हाताने हलकेच दाबून काढता येतात. हातोडीने ठोकून तार घोडीवर बसवू नये, लाकडाला खाच पडते.

सुरुवातीचे सूर पियानोची यंत्रणा बाहेर ठेवून, तारा छेडूनच लावतात. त्यानंतर काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा सूर लावावे लागतात. पहिल्या वर्षात तीन-चार फेऱ्या झाल्या, तर त्यात कारागिराची चूक शोधू नये. दमट हवेत ध्वनिफलक, म्हणजे आवाज मोठा करणारी लाकडी फळी, फुगून सूर चढतो, कोरड्या हवेत उतरतो. त्याचा दोष वेढ्यांना देणेही चूक.

पिनेचीही एक खोड आहे. सूर लावायची किल्ली फिरवली की पिनेचे वरचे टोक आधी पिळते आणि लाकडात रुतलेला भाग मागून फिरतो. हा पीळ तसाच राहिला, तर पिन नंतर परत फिरते. म्हणून सूर किंचित वर नेऊन खाली आणतात आणि पट्टी जोरात वाजवून तारेच्या सर्व भागांतला ताण सारखा करतात.

तीन तारांच्या एका स्वरातली एकच तार तुटून बदलली असेल, तर ती जुन्या दोघींच्या मानाने सारखी उतरत राहते. तेव्हा काही कारागीर तिच्यालगत फेल्टची पाचर अडकवून तिला गप्प ठेवतात आणि पुढच्या फेरीला ती काढतात.