एसी बसवायला बोलावण्याआधी पॉइंट बघून घ्या

मार्च लागला की रोज एक तरी फोन येतो, "एसी घरी येऊन पडलाय, आजच माणूस पाठवा." माणूस येतो, भिंत बघतो आणि विचारतो, एसीचा वीजपॉइंट कुठाय? मग गीझरच्या बोर्डाकडे बोट जातं. "त्यातूनच ओढा ना, तात्पुरतं." आमचा माणूस नाही म्हणतो आणि परत येतो. हंगामात पुढची तारीख चार-पाच दिवसांनंतरची मिळते, आणि दुसऱ्या फेरीचे पैसे आम्ही लावतो, हे आधीच सांगून ठेवतो.

यात आमचा आडमुठेपणा नाही. दीड टनाचा एसी साधारण ७-८ अँपिअर घेतो, तोही रात्रभर. २ किलोवॅटचा गीझर त्याच वायरवर सुरू केला की आणखी ९. गेल्या उन्हाळ्यात एका घरी "एसी मध्येच बंद पडतो" म्हणून गेलो. गॅस बरोबर, कॉइल साफ. प्लग काढायला गेलो तर निघेना. पिन सॉकेटच्या प्लास्टिकमध्ये वितळून बसली होती. त्या एसीत आधी दोनदा गॅस भरून झाला होता!

दीड टनासाठी आम्ही मागतो तो पॉइंट असा: डीबीपासून (घरातल्या मुख्य वीजपेटीपासून) स्वतंत्र ४ चौरस मिमी तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) असलेला एसी बॉक्स आणि खरंखुरं अर्थिंग. अडीचच्या वायरवरही चालतं असं सांगणारे भेटतील. डीबी लांब असेल तर आम्हाला ते पटत नाही. जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, मागे वायरच नसते. तेही तपासून घ्या.

हे काम वायरमनचं, आमचं नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे नवं वायरिंग किंवा त्यातला फेरफार लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्यायचा असतो. क्षमता न बदलता पंखा, स्विच किंवा घरातलं उपकरण बदलायला ती अट नाही. म्हणून जुना एसी काढून तेवढ्याच ताकदीचा नवा आम्ही सरळ जोडतो, नवा पॉइंट मात्र ओढत नाही. उलट इनडोअर-आउटडोअरमधली केबल आमच्याकडे सोडा. वायरमनने मदत म्हणून ती जोडली आणि एक तार उलटी गेली, की डिस्प्लेवर एरर येतो आणि कार्ड (एसीतला सर्किट बोर्ड) गेलं म्हणून तुम्ही घाबरता.

बिघाडात कोणाला बोलवायचं? प्लग किंवा बॉक्स गरम लागत असेल तर एसी बंद करा आणि वायरमनला बोलवा. सप्लाय आहे, हवा येते पण गार नाही, तर आम्हाला. एमसीबी पडत असेल तर प्रश्न दोघांचा. आम्ही टाँग टेस्टर (वायरभोवती लावून करंट मोजायचा चिमटा) लावतो: करंट ७ दाखवतोय आणि तरी एमसीबी पडतोय, तर दोष एमसीबीचा किंवा सैल जोडणीचा, १४-१५ दाखवला तर एसीच उघडावा लागतो.

दुसरा एसी घेणार असाल तर वीजबिलावरचा मंजूर भार बघून ठेवा.

तुमचा वायरमन असेल तर उत्तमच, नसेल तर आमच्या ओळखीचा लायसन्सवाला आहे. त्याचे पैसे त्यालाच द्यायचे, मध्ये आमचं काही नाही. बुकिंगआधी डीबी आणि एसी बॉक्सचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, फोटो बघून सांगायचे पैसे घेत नाही. डीबीचं आतलं कव्हर उघडू नका, एमसीबीवरचे आकडे वाचता आले की पुरे.