सिक्स्थ फॉर्म कॉलेज : मोठ्या वर्गाचा फायदा आणि फटका

इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी जीसीएसई ही शालान्त परीक्षा झाली की पुढची दोन वर्षं 'सिक्स्थ फॉर्म'ची. आपली अकरावी-बारावीच म्हणा, फक्त विषय बहुधा तीनच. माध्यमिक शाळेतलं पहिलं वर्ष म्हणजे पहिला फॉर्म, या जुन्या मोजणीत शेवटची दोन वर्षं सहाव्यात जायची. ती मोजणी गेली, नाव राहिलं.

१९५१ साली ए-लेव्हल, म्हणजे या दोन वर्षांच्या शेवटची परीक्षा, सुरू झाली, तेव्हा सरकारी शाळांमध्ये हा सहावा फॉर्म मुख्यतः ग्रामर स्कूलांकडेच होता, आणि तिथे प्रवेश ठरायचा अकराव्या वर्षीच्या परीक्षेवर. जुलै १९६५मध्ये शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांच्या खात्याने '१०/६५' हे परिपत्रक काढलं : ही चाळणी बंद करून सगळ्यांसाठी कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळांच्या योजना पाठवा. पण अडचण हिशेबाची होती. सोळाव्या वर्षानंतर शाळेत टिकणारी मुलं थोडी. एका शाळेत फ्रेंचला चार, भौतिकशास्त्राला सहा मुलं असतील, तर शिक्षक परवडणार कसा? परिपत्रकातल्या सहा पर्यायांपैकी एक यावरच होता : आसपासच्या शाळांतली ही मुलं एकाच कॉलेजात आणा. ल्यूटन शहराने १९६६ साली आपल्या ग्रामर स्कूलचंच तसं कॉलेज केलं. देशातलं पहिलं सिक्स्थ फॉर्म कॉलेज म्हणून त्याचंच नाव घेतात.

विद्यापीठांची दारंही त्याच सुमारास रुंदावत होती. १९६१मध्ये एकत्रित प्रवेश अर्जासाठी यूसीसीए ही संस्था आली, १९६२च्या कायद्याने पदवीसाठी अनुदान हक्काचं झालं, आणि १९६३च्या रॉबिन्स अहवालाने पात्र असेल त्याला जागा मिळावी असं तत्त्वच मांडलं. पुढे वारं फिरलं. १९९८पासून वर्षाला १,००० पौंड फी, २०१२मध्ये ती कमाल ९,०००वर गेली. मधल्या काळात, १९९३मध्ये, सिक्स्थ फॉर्म कॉलेजं स्थानिक शिक्षण प्राधिकरणांच्या हातून सुटून स्वायत्त झाली आणि विद्यापीठांच्या अर्जांचं काम यूसीसीएऐवजी यूकास या संस्थेकडे आलं.

अर्जाची रीत मात्र आपल्याला चमत्कारिक वाटेल. निकाल ऑगस्टमध्ये, अर्ज त्याच्या कितीतरी महिने आधी. शिक्षक प्रत्येक विषयाचा अंदाजी ग्रेड लिहून देतात, विद्यापीठ 'ए, ए, बी मिळाले तर ये' असं सशर्त कळवतं. सगळी भिस्त अंदाजावर.

२०२०मध्ये कोविडमुळे परीक्षाच झाल्या नाहीत. शिक्षकांनी ग्रेड दिले, मुलांचा क्रमही लावला. पण ऑफक्वाल या नियामक संस्थेच्या सूत्राने विषयाला पंधराहून जास्त मुलं असतील तिथे ते ग्रेड बाजूला ठेवले आणि शिक्षकांनी लावलेला क्रम कॉलेजच्या आधीच्या निकालांवर बसवला. पाचपर्यंत मुलं असतील तिथे शिक्षकांचा शब्द कायम. म्हणजे छोटे वर्ग बहुतेक सुटले, आणि मोठ्या वर्गांसाठीच जन्मलेली कॉलेजं सापडली. १३ ऑगस्टच्या निकालात देशभरातले जवळपास ४० टक्के ग्रेड शिक्षकांनी दिलेल्यापेक्षा खाली आले.

मुलं रस्त्यावर उतरली, आणि १७ ऑगस्टला सरकारने माघार घेऊन शिक्षकांचे ग्रेड मान्य केले. पण मधल्या चार दिवसांत कित्येक अभ्यासक्रमांच्या जागा भरून गेल्या होत्या. काही मुलांना 'पुढच्या वर्षी या' असं उत्तर मिळालं.