वित्तीय विकेंद्रीकरण आणि प्रदूषण

कर बसवण्याचे आणि पैसा कुठे खर्चायचा ते ठरवण्याचे अधिकार महापालिका, नगरपरिषदा व ग्रामपंचायतींकडे सोपवणे म्हणजे वित्तीय विकेंद्रीकरण. त्यामुळे प्रदूषण घटेल की वाढेल, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते : खर्चाबरोबर उत्पन्नाचा अधिकारही मिळाला का, आणि घाण हद्दीत राहते की बाहेर जाते.

कचरा साठला की वास मतदारालाच येतो, म्हणून नगरसेवक घंटागाडीसाठी भांडतो. मैलापाणी मात्र वाहून जाते. इंद्रायणीच्या खोऱ्यात लोणावळा, तळेगाव दाभाडे, देहू, पिंपरी-चिंचवड, आळंदी असे वेगवेगळे अर्थसंकल्प आहेत; ग्रामपंचायतींचे आणखी निराळे. वरच्या गावाने शुद्धीकरणावर पैसा घातला तर फायदा खालच्याचा. आळंदीत नदीवर तरंगणारा पांढरा फेस एकट्या आळंदीच्या तिजोरीतून थांबणारा नाही.

७४व्या घटनादुरुस्तीने (१९९२) बाराव्या अनुसूचीत १८ विषय घातले. घनकचरा व पर्यावरणरक्षण त्यांतच येतात. कर कोणते द्यायचे ते मात्र राज्यांवर सोडले. महाराष्ट्रात जकात (शहराच्या हद्दीत येणाऱ्या मालावरचा कर) होती तोवर कारखाना म्हणजे पालिकेचे उत्पन्न. त्याला संमतिपत्र, म्हणजे चालवण्याची परवानगी, देणे वा नाकारणे हे काम मात्र राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे. २०१७ साली जीएसटीबरोबर मुंबईचीही जकात गेली. राज्य महापालिकांना दरवर्षी ८ टक्के वाढीव भरपाई देते. पालिकेच्या हाती उरली मुख्यतः मालमत्ता कर आणि पाणीपट्टी, आणि निवडणुकीच्या तोंडावर ती वाढवायला कोणी धजत नाही.

याचा फटका मैलाशुद्धीकरण केंद्राला बसतो. माणशी १३५ लिटर पाणी आणि त्याच्या ८० टक्के सांडपाणी धरले, तर एक लाख वस्तीचे रोज सुमारे १ कोटी ८ लाख लिटर होते. केंद्र उभारायला वरून अनुदान मिळते. वीज, माणसे, गाळ उपसणे हा खर्च पालिकेचा. वीजबिल वाचवायला हवा सोडणारे ब्लोअर बंद ठेवले की मैला खाणारे जिवाणू मरतात, टाकीतला गाळ कुजतो आणि पाणी जवळपास आले तसेच नदीत जाते. जिवाणू पुन्हा वाढवायला काही आठवडे लागतात. कधी केंद्र तयार असते, पण घरांच्या जोडण्याच झालेल्या नसतात.

उपाय म्हणून पंधराव्या वित्त आयोगाने (२०२१-२६) ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे त्याच कामासाठी राखीव, ठेवला. निधी वळवला जाऊ नये हा हेतू रास्त. पण वरचे गाव-खालचे गाव हा प्रश्न त्याने सुटत नाही. त्याला खोऱ्याचा सामाईक निधी लागतो.

आणखी एक गोम कॅलेंडरात आहे. महापालिका आयुक्तांनी पर्यावरण सद्यःस्थिती अहवाल ३१ जुलैपूर्वी मांडायचा असतो. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाची अंमलबजावणी १ एप्रिललाच सुरू झालेली असते.