जुनी मशीद वेगळी, काळा घोड्याचं निळं सिनेगॉग वेगळं

काळा घोड्याच्या निळ्या सिनेगॉगचा फोटो टाकायचा आणि खाली ‘बेने इस्रायलींचं मुंबईतलं पहिलं प्रार्थनास्थळ’ असं ठोकून द्यायचं, हे दर थोड्या दिवसांनी कुठे ना कुठे दिसतंच. बेने इस्रायली म्हणजे कोकणातले, मराठी बोलणारे ज्यू; सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. एका ओळीत दोन चुका.

निळी इमारत तुम्हाला माहीत आहेच. केनेसेथ एलियाहू, १८८४. जेकब ससूनने वडिलांच्या, म्हणजे एलियास ससूनच्या, स्मरणार्थ बांधली.

पहिलं सिनेगॉग आहे मांडवीत, सॅम्युअल स्ट्रीटवर: शार हाराहामीम, १७९६. बेने इस्रायली त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत. आजची इमारत १८६०ची. १७९६चं सिनेगॉग बांधणारे सॅम्युअल इझिकेल दिवेकर, मराठीत सामाजी हसाजी दिवेकर, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले. टिपूच्या कैदेत होते. सुटलो तर सिनेगॉग बांधीन, असा त्यांनी नवस केला होता, असं सांगतात. तेव्हा ससून कुटुंब मुंबईत आलंही नव्हतं. कुटुंबाचा प्रमुख, एलियासचा बाप डेव्हिड ससून, इथे पोचला १८३२ साली.

रंग, खिडक्या, कमानी यांतला फरक बघायला जाल तेव्हा कळेलच. खरा घोळ होतो तो माणसांचा. ससून बगदादी, म्हणजे बगदादकडून आलेले ज्यू: घरात अरबी, पुढे इंग्रजी, आणि व्यापार थेट चीनपर्यंत. बेने इस्रायली आपले कोकणातले. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि पूर्वज तिथेच राहिले, ही त्यांची आठवण. घाण्यावर तेल काढायचं, शनिवारी घाणा बंद. म्हणून शनिवार तेली. आडनावं पेणकर, रोहेकर, नवगावकर. नवस फेडताना एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं. हिब्रू प्रार्थनेनंतर घरातलं बोलणं मराठीत.

आणि या दोघांना ‘मुंबईचे ज्यू’ म्हणून एकाच पिशवीत भरू नये, याचं सगळ्यात मोठं कारण कुणी लिहीतच नाही. बगदादींनी बेने इस्रायलींना बरोबरीचं मानलं नाही. सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात; त्या दहांत बेने इस्रायली माणूस मोजायला त्यांचा विरोध असे. तोराह, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, वाचायला बोलावणं तर दूरच. वंश शुद्ध नाही, हा आक्षेप. त्याला रंगाची आणि इंग्रजांच्या पंगतीत बसण्याच्या हौसेची जोड होती, असं माझं स्पष्ट मत आहे. १८३६मध्ये तर दफनभूमीतही वेगळी जागा हवी, असा अर्ज बगदादींनी सरकारकडे केला. एवढं सोसलेल्या समाजाच्या इतिहासावर ससूनचं नाव चिकटवणं मला अन्यायाचं वाटतं. ससूनची दानत मोठी होती, ते मान्यच; पण १७९६चं श्रेय दिवेकरांचं.

वंशाचा तोच प्रश्न इस्रायलमध्येही उभा राहिला. तिथे आंदोलन करावं लागलं, तेव्हा १९६४मध्ये बेने इस्रायली सर्व बाबतींत पूर्ण ज्यू असल्याचं सरकारने जाहीर केलं. इकडे बगदादी बहुतेक परदेशी निघून गेले, आणि आज मुंबईत ससूनांच्या सिनेगॉगमध्येही दहा पुरुषांची संख्या भरते ती मुख्यतः बेने इस्रायलींमुळे.