टायट्रेशनच्या गणितातला 'दोन' येतो कुठून?

पावसाळ्यात मुंबईतल्या कॉलेजांमध्ये एफवायबीएससीची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स सुरू होतात, आणि सोडियम हायड्रॉक्साइडचं वजन करताना एक गोष्ट दिसते. वॉच ग्लासवर घेतलेल्या पांढऱ्या गोळ्या बघता बघता चकाकू लागतात, मग काचेला चिकटतात. बॅलन्सवरचा आकडाही थांबत नाही, हळूहळू चढतच राहतो. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतलं पाणी शोषून घेऊन त्यातच विरघळू लागतं. त्यासाठी हवेत दहा टक्के आर्द्रताही पुरते, आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये ती ऐंशीच्या पुढे असते. शिवाय ते कार्बन डायऑक्साइडही ओढून घेतं. म्हणजे 'चार ग्रॅम घेतले' असं जर्नलात लिहिलं, तरी त्यात खरं सोडियम हायड्रॉक्साइड किती, हे त्या वजनावरून कळत नाही.

ते कळावं म्हणूनच पहिलं टायट्रेशन, म्हणजे तीव्रता ठाऊक असलेल्या द्रावणाशी मोजून मिसळून दुसऱ्या द्रावणाची तीव्रता शोधणं, ऑक्झॅलिक आम्लाशी असतं. त्याचे स्फटिक एरवीच्या हवेत ओलही धरत नाहीत आणि सहज सुकतही नाहीत. दर रेणूसोबत पाण्याचे दोन रेणू, एका मोलचं, म्हणजे ठरावीक अफाट संख्येतल्या रेणूंचं, वजन १२६ ग्रॅम. १.५७५ ग्रॅम तोलून पाणी घालून अडीचशे मिलीलिटर केलं, की ०.०५ मोलर, म्हणजे लिटरला ०.०५ मोल असलेलं, द्रावण तयार. या आकड्यावर विश्वास ठेवता येतो.

आता पिपेटने दहा मिलीलिटर आम्ल कॉनिकल फ्लास्कमध्ये घेतलं, ब्युरेटमधून, म्हणजे तोटीच्या मोजनळीतून, अल्कली (सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण) सोडत गेलो आणि कॉन्स्टंट रीडिंग १०.४ आलं, असं धरू. पुढे काय होतं ते प्रत्येक बॅचमध्ये सारखंच असतं. मुलं एन वन व्ही वन बरोबर एन टू व्ही टू लिहितात (एन म्हणजे नॉर्मलिटी, अभिक्रियेतल्या हिश्श्याने मोजलेली तीव्रता, आणि व्ही म्हणजे आकारमान), उत्तर ०.०९६ येतं, जर्नलवर सही होते. पण तीच मुलं नॉर्मलिटीऐवजी मोलॅरिटी, म्हणजे लिटरमागचे मोल, घालून तेच सूत्र वापरतात तेव्हा उत्तर ०.०४८ येतं, बरोबर निम्मं. कुठे चुकलं हे बहुतेकांना सांगता येत नाही. नॉर्मलिटी काढताना १२६ ला दोनने भागून ६३ घेतलेले असतात. तो 'दोन' तिथे कधीच लपून बसलेला असतो.

हा दोन रेणूतून येतो. ऑक्झॅलिक आम्लाच्या एका रेणूत अल्कलीला देता येतील असे दोन हायड्रोजन आहेत, म्हणून एका रेणूला सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन कण लागतात. फ्लास्कमध्ये ०.५ मिलिमोल (मिलिमोल म्हणजे मोलचा हजारावा भाग) आम्ल होतं, तेव्हा १०.४ मिलीलिटरमध्ये १ मिलिमोल अल्कली असणार. एकाला १०.४ ने भागा, ०.०९६. सूत्र लागलंच नाही. आणि ०.१ ऐवजी ०.०९६ का, याचं उत्तर त्या चिकट गोळ्यांमध्ये आहे. लिटरला चार ग्रॅम घातले असतील, तर त्यातले साधारण ३.८५ ग्रॅमच कामाचे होते. उरलेलं बरंचसं मुंबईच्या हवेतलं पाणी.

माझ्या मते पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीची सगळी अडचण या एका उदाहरणात सापडते. ग्लासगो विद्यापीठातले अॅलेक्स जॉनस्टोन यांनी १९८० आणि ९० च्या दशकांत ती नेमकी मांडली. रसायनशास्त्र एकाच वेळी तीन पातळ्यांवर चालतं: डोळ्यांना दिसणारा पदार्थ, न दिसणारे रेणू-अणू, आणि फळ्यावरची चिन्हं व समीकरणं. जाणकार माणूस नकळत एकीवरून दुसरीवर जातो. नवख्या विद्यार्थ्यावर तिन्ही एकदम येऊन पडतात. मनात एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात, मग तो हाताशी असलेलं सूत्र धरून ठेवतो. दहावीपर्यंत सगळं मराठीतून शिकून आलेल्या मुलावर तर इंग्रजी व्याख्यांचाही भार असतो.

१९८७ मध्ये अमेरिकेत सुझन नरेनबर्न आणि माइल्स पिकरिंग यांनी हेच तपासलं. वायूच्या नियमांची गणितं सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी चित्रांचा एक प्रश्न दिला. पोलादी टाकीत हायड्रोजन आहे. तापमान २० अंश सेल्सिअसवरून उणे २० वर आणलं, तर रेणू कसे पसरलेले दिसतील? गणित अचूक करणारे कितीतरी जण इथे अडखळले. रेणू तळाशी गोळा होतील असं वाटणं साहजिक आहे, पण हायड्रोजन द्रव होतो तो उणे २५३ अंशांच्या आसपास. उणे २० ला तो वायूच असतो, टाकीभर पसरलेला.

न दिसणारे रेणू मोजायचे कसे, याची युक्ती म्हणजे मोल. देवस्थानात दानपेटीतली नाणी मोजत न बसता तोलतात, एका नाण्याचं वजन ठाऊक असलं की झालं. इथेही तेच, फक्त संख्या अफाट आहे. २० मे २०१९ पासून एक मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण, अशीच व्याख्या आहे.

ही संख्या एंड पॉइंटपाशी, म्हणजे आम्ल नेमकं संपल्याचं रंगावरून कळतं तिथे, हाताला लागते. फिनॉल्फ्थॅलीन (आम्लात बिनरंगी, अल्कलीत गुलाबी होणारा सूचक) घातलेल्या फ्लास्कमध्ये अल्कलीचा थेंब पडतो तिथे गुलाबी ढग उठतो आणि हलवताच विरतो. त्या जागी क्षणभर अल्कली जास्त झालेली असते, आजूबाजूचं आम्ल तिला संपवतं. शेवटी पांढऱ्या टाइलवर एका थेंबाने फिकट गुलाबी रंग टिकतो. ०.०५ मिलीलिटरच्या त्या थेंबात सोडियम हायड्रॉक्साइडचे साधारण तीन अब्ज गुणिले एक अब्ज कण होते. फ्लास्क तसाच ठेवला तर काही मिनिटांनी रंग पुन्हा उडतो. मुलं घाबरून आणखी एक थेंब घालतात. घालू नये. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून किंचित आम्ल बनतो, एवढंच.

मिथिल ऑरेंज हा दुसरा सूचक इथे का चालत नाही, हेही वायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, पाठांतरातून बाहेर काढता येईल. ऑक्झॅलिक आम्लाचा दुसरा हायड्रोजन सहज सुटत नाही. सगळं आम्ल संपतं तेव्हा पीएच (आम्लता मोजणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) आठच्या थोडा वर असतो, आणि मिथिल ऑरेंज साडेचारच्या आतच रंग बदलून मोकळं होतं. फिनॉल्फ्थॅलीन ८.२ च्या पुढे बदलतं.

मला मनापासून वाटतं की टायट्रेशनच्या जर्नलात समीकरणाशेजारी एक चौकोन हवा: एंड पॉइंटच्या आधी आणि नंतर फ्लास्कमध्ये कोणते कण आहेत, ते काढा. आणि पाण्याच्या कठीणपणाचं, म्हणजे त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं, प्रॅक्टिकल आलं की मुलांना घरचं पाणी आणू द्यावं. कोणी भातसा-तानसाचं नळाचं पाणी आणेल, कोणी सोसायटीच्या बोअरवेलचं, कोणी टँकरचं. पन्नास मिलीलिटर पाणी, पीएच दहावर टिकवून ठेवणारं बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी हा सूचक, आणि ब्युरेटमध्ये कॅल्शियमला धरून ठेवणारं ०.०१ मोलर ईडीटीए. लालसर जांभळा रंग जाऊन स्वच्छ निळा आला की थांबायचं. इथे एका कॅल्शियमला एकच ईडीटीए, म्हणून दोनने गुणायचं नाही, आणि का नाही हे आता मुलांनीच सांगायचं. ईडीटीएचा एक मिलीलिटर म्हणजे लिटरमागे २० मिलिग्रॅम कठीणपणा, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक २०० मिलिग्रॅमपर्यंत चालेल म्हणतं, दुसरा स्रोत नसेल तर ६००. तेव्हा रीडिंग दहाच्या खाली आलं तर पाणी २०० च्या आत, तिसाच्या वर गेलं तर ६०० च्याही पुढे.