पेव्हर ब्लॉकच्या फटीतले खिळे आणि चुंबकाची पोहोच

नौपाडा, पाचपाखाडी, चरई. ठाण्याच्या या जुन्या भागात कुठल्याही गल्लीत शिरलं तरी एखादी इमारत हिरव्या जाळीत गुंडाळलेली दिसतेच. पुनर्विकास आला की सेंट्रिंगच्या फळ्या आल्या, आणि फळ्या आल्या की खिळे आले. उखडलेला खिळा ठोकून सरळ करून पुन्हा वापरायला आता कुणाला वेळ नाही. तो उडेल तिथे पडतो. सोबत बायंडिंग वायरचे तुकडे असतातच. खाडीपलीकडे ऐरोली-कोपरखैरण्याला गणपती-नवरात्राचे मंडप उतरले की कापडाला मारलेल्या बारीक चुका मैदानात राहतात. मग पंक्चरवाल्याकडे रांग लागते. बहुतेकांचं मागचंच टायर बसलेलं असतं, कारण आडव्या पडलेल्या खिळ्याला पुढचं चाक धक्का देऊन उचलतं आणि उभा झालेला खिळा मागच्या चाकात घुसतो.

झाडूने हे खिळे निघत नाहीत. सपाट कोब्यावर झाडू चालतो. पेव्हर ब्लॉकच्या फटीत, गवतात आणि झाडांच्या आळ्यातल्या मातीत तो खिळ्यावरून नुसता फिरून येतो. इथे चुंबक लागतो. पण नुसता ‘मोठा चुंबक आणा’ म्हणून काम होत नाही. चुंबक केवढा आहे यापेक्षा तो खिळ्याच्या किती जवळ जातो, यावर जास्त अवलंबून असतं.

आधी चुंबक खिळ्याला ओढतो म्हणजे काय होतं ते पाहू. लोखंडाचा प्रत्येक अणू स्वतःच एक इवलासा चुंबक असतो. शेजारचे अणू एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात आणि त्यांचे सूक्ष्म गट तयार होतात. प्येर व्हाइस या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1907 मध्ये अशा गटांची कल्पना मांडली. साध्या खिळ्यात या गटांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना असतात, म्हणून एकूण परिणाम जवळपास शून्य. बाहेरून चुंबक जवळ आणला की चुंबकाच्या दिशेला तोंड असलेले गट वाढतात, बाकीचे आक्रसतात आणि खिळा स्वतःच तात्पुरता चुंबक होतो. म्हणजे हे दोन चुंबकांचं आकर्षण आहे, आणि त्यातला दुसरा पहिल्यानेच घडवलेला असतो.

पण खिळा चुंबक झाला म्हणून लगेच उडी मारत नाही. होकायंत्राची सुई पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उत्तरेकडे वळते, पण उत्तरेकडे धावत सुटत नाही. सुईच्या दोन टोकांपाशी पृथ्वीचं क्षेत्र जवळजवळ सारखंच असतं. एक टोक जेवढं उत्तरेला ओढलं जातं तेवढंच दुसरं दक्षिणेला. ओढ लागायला क्षेत्राला उतार हवा, म्हणजे खिळ्याच्या एका टोकाशी ते जास्त आणि दुसऱ्याशी कमी हवं. हातातल्या चुंबकाजवळ असा उतार असतो, आणि जितकं जवळ जावं तितका तो तीव्र होतो.

आता आकडे. लहान चुंबकाचं क्षेत्र, त्याच्या आकाराच्या मानाने लांब गेल्यावर, अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतं: अंतर दुप्पट केलं की क्षेत्र आठपट कमी. ओढ त्याहून भराभर घटते. खिळ्यात निर्माण होणारं चुंबकत्व क्षेत्रावर अवलंबून, आणि ओढ पुन्हा त्या क्षेत्राच्या उतारावर अवलंबून. दोन्ही घटींचा गुणाकार केला की हिशेब अंतराच्या सातव्या घातापर्यंत जातो. अंतर दुप्पट, तर ओढ 128 पट कमी! काठीसारख्या लांब चुंबकाच्या मधल्या भागासमोर ही घट सौम्य असते, तिथे साधारण पाचवा घात लागतो आणि ओढ 32 पट कमी होते. चुंबकाला अगदी खेटून असताना हे गणित आणखी सौम्य होतं, पण कंपाउंडमध्ये चुंबक फिरवताना आपण जमिनीला खेटून नसतोच.

यातून निघणारी गोष्ट थेट कामाची आहे. दोरीला बांधलेला भलामोठा चुंबक गुडघ्याच्या उंचीवरून फिरवण्यापेक्षा लहानसा चुंबक जमिनीपासून दोन बोटांवरून नेणं कितीतरी फायद्याचं. विकतच्या फिरत्या चुंबकांना छोटी चाकं असतात ती याचसाठी: उंची कायम आणि कमी राहावी म्हणून. पेव्हर ब्लॉक उखडलेले असतील तर ही चाकं उड्या मारतात आणि नेमक्या खड्ड्यातला खिळा राहतो. तिथे चुंबक हातात धरून खाली वाकावंच लागतं.

खिळ्याचा आकारही आपल्या बाजूने आहे. गोळीसारख्या लोखंडापेक्षा लांबट लोखंड त्याच्या लांबीच्या दिशेने फार सहज चुंबकित होतं. म्हणून पडलेला खिळा आधी चुंबकाच्या दिशेने उभा राहतो, मग उचलला जातो. आणि उचलला गेलेला खिळा पुढच्या खिळ्याला ओढतो.

चुंबक आणायचा कुठून? जुन्या स्पीकरमधली काळी कडी असते ना, तो फेराइटचा चुंबक. स्वस्त, गंजत नाही, पण ताकद बेताची. बिघडलेल्या संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये छोटे चकचकीत तुकडे मिळतात, ते निओडिमियमचे. निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचा हा चुंबक 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे शोधला. तेवढ्याच आकाराच्या फेराइटच्या तुलनेत यात साधारण दहापट चुंबकीय ऊर्जा साठते. त्याचे दोन दोष आहेत. तो गंजतो, म्हणून वरचा निकेलचा मुलामा टवका उडून गेला की आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याचं पीठ होतं. शिवाय साध्या प्रतीचा निओडिमियम 80 अंश सेल्सिअसच्या वर तापला तर कायमचा कमजोर होऊ शकतो.

खरी कटकट खिळे चिकटल्यानंतर सुरू होते. एकेक खिळा ओढून काढायचा म्हणजे बोटांना जखमा ठरलेल्या. उपाय सोपा आहे: चुंबक प्लास्टिकच्या पाइपात ठेवा, बाहेरून खिळे चिकटू द्या, आणि मग डब्यावर धरून चुंबक पाइपातून बाहेर ओढा. खिळे आपोआप गळतात. पाइप पातळ भिंतीचा घ्या; अंतर वाढलं की ओढ घटते, हे इथेही लागू आहे. जाड पिशवीत चुंबक घालून शेवटी पिशवी उलटी केली तरी तेच. मोठे निओडिमियम मात्र दोन एकाच वेळी हातात घेऊ नयेत, मध्ये बोट सापडलं तर चेंगरतं. लहान मुलांपासून आणि पेसमेकर बसवलेल्या माणसांपासून ते लांबच ठेवावेत.

चुंबकाला काय सापडत नाही हेही माहीत हवं. जस्ताचा मुलामा दिलेला खिळा सापडतो, आत लोखंडच असतं. पितळेचा स्क्रू, अॅल्युमिनियमचा रिव्हेट, तांब्याच्या वायरचा तुकडा सापडत नाही. स्टेनलेस स्टीलचं जरा चमत्कारिक आहे. निकेल जास्त असलेलं, ताटवाट्यांत सर्रास वापरलं जाणारं स्टील चुंबकाला दाद देत नाही, कारण निकेलमुळे त्यातल्या अणूंची रचनाच वेगळी होते. एक रुपयाचं नाणंही स्टेनलेस स्टीलचंच, पण त्यात निकेल नाही, म्हणून ते टपकन चिकटतं.

विमानतळांवरही हा प्रश्न आहे, फक्त खिळ्याची किंमत तिथे फार मोठी होते. धावपट्टीवर पडलेला धातूचा तुकडा उचलण्यासाठी बऱ्याच विमानतळांवर गाडीच्या मागे चुंबकाची लांब पट्टी ओढतात. पण 25 जुलै 2000 रोजी पॅरिसहून निघालेल्या कॉन्कॉर्डचं टायर ज्या पट्टीने फाडलं आणि 113 जीव गेले, ती आधीच्या विमानातून गळलेली पट्टी टायटॅनियमच्या मिश्रधातूची होती. टायटॅनियमला चुंबक ओढत नाही. उलव्याच्या नव्या विमानतळावर काय किंवा आपल्या कंपाउंडमध्ये काय, चुंबक फिरवून झाल्यावर डोळ्यांनी पाहणी उरतेच.

उलट चुंबकाला नको ते भरपूर सापडतं. मातीवरून फिरवला की त्याला बारीक काळ्या कणांच्या मिशा फुटतात. तो बहुतेक मॅग्नेटाइटच्या जातीचा खनिज चुरा असतो, आपल्या काळ्या दगडातून झिजून आलेला. ठाणे आणि नवी मुंबई ज्यावर वसली आहेत तो दख्खनचा बेसॉल्ट सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि त्यातल्या या कणांनी लाव्हा थंड होतानाची पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा धरून ठेवली आहे. त्यातला बराच लाव्हा ओतला गेला तेव्हा पृथ्वीचं क्षेत्र आजच्या उलट होतं.

असल्या गोष्टींचा अभ्यास करणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था नवी मुंबईतच, नवीन पनवेलला आहे. तिचं मूळ कुलाब्याच्या वेधशाळेत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने मोजमापं बिघडतील, म्हणून नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला उभी केली. तिथे बांधतानाच लोखंड टाळलं. आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र साधारण 40 मायक्रोटेस्ला असतं, निओडिमियमच्या पृष्ठभागावर ते त्याच्या दहा हजार पट भरतं. इतकी नाजूक गोष्ट मोजायची तर भिंतीतला एखादा खिळाही खपत नाही.

कंपाउंडमधल्या कामाला उशीर करू नये, याला गंजाचंही कारण आहे. पावसाळ्यात खिळ्यावर चढणारा तांबूस गंज चुंबकाला जवळजवळ ओळखत नाही. आतला गाभा शाबूत आहे तोवर खिळा येतो. पण गंजत गेला की तो मधेच तुटतो, ओढ कमी होते आणि टोक मातीतच राहतं. धनुर्वात गंजामुळे होतो असं सगळे समजतात, पण तो होतो मातीतल्या जंतूंमुळे. त्यांना हवा सोसत नाही, म्हणून खिळ्याची खोल, अरुंद जखम त्यांना मानवते. असा खिळा पायात गेला आणि शेवटच्या लसीला पाच वर्षं उलटून गेली असतील तर डॉक्टर पुन्हा डोस देतात.

गोळा केलेले खिळे डब्यात एकमेकांना चिकटून बसतात. काँक्रीटचे टणक पोलादी खिळे चुंबक काढून घेतल्यावरही बराच काळ चुंबकित राहतात, साधे मऊ खिळे बरेचसे विसरून जातात. भंगारवाल्याला त्याने काही फरक पडत नाही, तो वजनावर घेतो.