लघवीच्या घाईवर विषाची मात्रा

सॉसेज खाऊन माणसे दगावण्याच्या घटनांचा माग काढणाऱ्या युस्टिनुस केर्नर या जर्मन डॉक्टराने १८२२ साली त्या विषबाधेचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले आणि हेच विष अत्यल्प प्रमाणात औषध म्हणून वापरता येईल, असेही सुचवले. ते विष म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन. आज लोक त्याला ओळखतात ते चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांमुळे. माझ्या मते मूत्राशयातले त्याचे काम कितीतरी अधिक मोलाचे आहे.

मूत्राशयाची भिंत डेट्रुसर नावाच्या स्नायूची असते आणि लघवी साठत असताना हा स्नायू सैल राहणे अपेक्षित असते. काहींमध्ये मात्र थोडी लघवी साठली तरी तो अवेळी आवळतो, अनावर घाई होते आणि संडास गाठण्याआधीच कपडे ओले होतात. (खोकताना किंवा शिंकताना थेंब गळतात, त्याचे कारण वेगळे असते, तिथे या विषाचे इंजेक्शन उपयोगी पडत नाही.)

स्नायूला आवळण्याचा निरोप चेतातंतूच्या टोकातून सुटणारे ॲसिटिलकोलिन देते. या रसायनाच्या सूक्ष्म पुड्या फुटण्यासाठी 'स्नॅप-२५' हे प्रथिन लागते, आणि टॉक्सिन चेतातंतूत शिरून नेमके तेच कापते. तंतू मरत नाही, त्याचा केवळ आवाज बंद होतो. काही महिन्यांत प्रथिन पुन्हा तयार होते, म्हणूनच साधारण सहा ते नऊ महिन्यांनी इंजेक्शन पुन्हा घ्यावे लागते. पण त्याच कारणाने नको असलेला परिणामही कायमचा राहत नाही.

पाणी पिण्याच्या वेळा, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आणि गोळ्या यांनी भागले नाही, किंवा गोळ्यांमुळे होणारी तोंडाची कोरड आणि बद्धकोष्ठता सोसवेना, तर हा उपाय विचारात घेतात. मूत्राशय बधिर करून, मूत्रमार्गातून दुर्बीण घालून, १०० युनिट औषध भिंतीत सुमारे २० ठिकाणी टोचतात. मज्जारज्जूची इजा किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूचा एक आजार) असलेल्यांना २०० युनिट देतात. अमेरिकेत या रुग्णांसाठी २०११ मध्ये आणि इतरांसाठी २०१३ मध्ये मान्यता मिळाली.

मुख्य धोका उलट्या दिशेचा आहे: स्नायू जास्तच ढिला पडला तर लघवी तुंबते. १०० युनिटच्या चाचण्यांमध्ये शंभरातील सुमारे सहा जणांना काही काळ नळीने लघवी काढावी लागली; मूत्रमार्गाचा जंतुसंसर्गही अनेकांना होतो. त्यामुळे विषाची भीती वाटते का, यापेक्षा वेळ आली तर दिवसातून काही वेळा स्वतःच नळी घालण्याची तयारी आहे का, हा प्रश्न रुग्णाने आधी स्वतःला विचारायला हवा. मज्जारज्जूच्या इजेमुळे जे आधीपासूनच नळी वापरतात, त्यांना हा वेगळा भार नसतो. उलट मूत्राशयातला दाब कमी झाल्याने त्यांच्या मूत्रपिंडांवरचा ताण हलका होतो.